बाईंची नात

गाडी सुटायला दहा मिनिटं उरली तरी आजी आली नव्हती.

पंचाहत्तर सालचा एप्रिल. नागपूर स्टेशनच्या फलाटावर ऊन शेडच्या आतपर्यंत शिरलं होतं आणि मी खिडकीचे गज धरून पुलाच्या जिन्याकडे बघत होते. बावीस वर्षांची होते. नर्सिंगचा कोर्स पुरा झाला होता, इंग्लंडमधल्या लीड्स गावच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली होती, आणि तिसऱ्या दिवशी मुंबईहून विमान होतं. पोचवायला आले होते एकटे दौलतकाका. आजी ज्या मुलींच्या बालगृहात गृहमाता होती, तिथले ते चौकीदार. त्यांनी सुरईत पाणी भरून आणलं होतं, तिखट पुऱ्या आणि जवसाच्या चटणीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला होता, आणि दर मिनिटाला ते म्हणत होते, "येतीन वं पोरी, येतीन. बाईनं शब्द देला हाय ना."

सकाळी काय झालं ते मला ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी बालगृहात आलेली शेवंता नावाची बारा-तेरा वर्षांची मुलगी उजाडता उजाडता भिंतीवरून उडी मारून पळाली होती. आजी माझ्यासाठी पोहे करत असताना निरोप आला. तिनं स्टोव्ह बंद केला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "तू दौलतसंगं पुढं जाय. मी तिले पाहून सरळ स्टेशनवर येतो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही ‘येतो, जातो’ असंच म्हणतात.

ती आली नाही. गार्डनं शिट्टी दिली. दौलतकाका थोडं अंतर गाडीबरोबर चालले, मग थांबले. फलाट संपायच्या आत मी मनाशी पक्कं केलं: आजीसमोर आज दोघी होत्या, मी आणि शेवंता, आणि तिनं शेवंताला धरलं. मग मी खिडकीकडे पाठ केली आणि पदराआड तोंड लपवून रडत बसले. वर्ध्यापर्यंत मी बाहेर बघितलंच नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे नागपुरातच राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारखे निघून गेलात त्यांच्यासाठीही. निघून गेलेल्या माणसाला एक खोड असते. तो घरातला शेवटचा दिवस बरोबर घेऊन जातो आणि त्यावरून सगळ्या घराचा न्याय करतो. मी दहा वर्षं तेच केलं.

माझी आई मी सात वर्षांची असताना गेली, दुसऱ्या बाळंतपणात. वडील चांद्याकडे कोळशाच्या खाणीत कामाला होते. वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं, आणि आईच्या आईनं मला आपल्याकडे आणलं. तिचं नाव कौतिकाबाई. तरुणपणीच नवरा गेला तेव्हा ती कापडगिरणीत कामाला लागली, मग बालगृहात आया म्हणून. तिथे मुलींच्या पाट्यांवर बघून बघून ती लिहायला शिकली आणि सातवीची परीक्षा तिनं माझ्या आईच्याच बाकावर, तिच्या शेजारी बसून दिली. पुढे काळजीवाहक झाली आणि शेवटी गृहमाता. छप्पन साली नागपुरात एवढ्या माणसांनी धम्मदीक्षा घेतली, त्यात तीही होती. त्या दिवसापासून तिनं पांढऱ्याशिवाय दुसरं पातळ नेसलं नाही. मुली म्हणायच्या, बाई अंधारातही दिसतात.

आम्हाला बालगृहाच्या आवारातच दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मी तिथे पाऊल टाकलं त्याच दिवशी आजीनं मला समोर बसवून सांगितलं, "या दोन खोल्यांत मी तुही आजी. उंबरठ्याच्या बाहेर तू बी मले बाईच म्हणायचं."

"काहून?" मी विचारलं.

"इथल्या पोट्ट्यांले कोणी नाही. त्यायच्यासमोर तू आजी आजी करशीन तं त्यायच्या जिवाले लागते."

सात वर्षांच्या मुलीला यातलं काय कळणार? मला एवढंच कळलं, की मलाही कोणी नव्हतं, एक आजी होती, आणि तीही दिवसभर माझी नव्हती.

मुली एका रांगेत धरमपेठेतल्या शाळेत जायच्या, सगळ्यांचे फ्रॉक एकाच ताग्यातले. मीही त्याच रांगेत, तसल्याच फ्रॉकमध्ये. वर्गातल्या मुली आम्हाला ‘आश्रमवाल्या’ म्हणायच्या. मी एकदा हट्टानं सांगितलं, मी आश्रमातली नाही, माझी आजी तिथली मोठी बाई आहे. तर एक म्हणाली, "मग तू पण बाईच का म्हणतेस तिला?"

चौथीत असताना एका दुपारी जेवणाच्या पंगतीत माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी, मला वरण वाढ ना." माझ्या शेजारी पाच-सहा वर्षांची एक नवी मुलगी बसली होती. तिनं घास खाली ठेवला आणि इकडेतिकडे बघत विचारलं, "माही आजी कोठं हाय?" आणि मग तिनं जो सूर धरला, तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. आजीनं मला वरण वाढलं नाही. त्या मुलीला कडेवर घेऊन ती आवारात फेऱ्या मारत राहिली. मला कुणी रागावलं नाही, मारलं नाही. सगळ्यांचं आटोपल्यावर आजी खोलीत आली, कमरेचा चाव्यांचा जुडगा काढून खुंटीला अडकवला आणि मला जवळ ओढलं. मी अंग चोरून घेतलं. "रागावली वं?" ती म्हणाली. मी म्हणाले, "नाही, बाई." खोलीच्या आत मी तिला बाई म्हणाले. तिनं माझ्याकडे बघितलं. हे मला तिला कधीतरी सांगायचं होतं, की मी ते मुद्दाम म्हणाले होते. राहून गेलं.

तिचं काम काय होतं, हे मला मोठेपणी कळलं. मुली अठरा वर्षांच्या झाल्या की बालगृहातून त्यांची लग्नं व्हायची. अर्ज यायचे, साहेब कागद बघायचे आणि आजी घर बघायची. बस मिळेल तिथपर्यंत बसनं, पुढे पायी. मला तिनं दोन-तीनदा बरोबर नेलं होतं. कोंढाळीकडचं एक गाव आठवतं. मुलगा चांगला, नोकरीचा, घर सारवलेलं. आजी बसली आणि तिनं पाणी मागितलं. मुलानं बसल्या जागेवरून हाक मारली, आतून त्याची म्हातारी आई कमरेवर हात ठेवत तांब्या घेऊन आली, थोडं पाणी सांडलं, तर तो तिच्यावर खेकसला. आजी पाणी प्यायली, तिनं तांब्या खाली ठेवला आणि ती उठली. परतीच्या वाटेवर म्हणाली, "ह्या घरात नाही द्यायची आपली पोरगी." आपली पोरगी. मी तिच्या मागून चालत होते आणि माझ्या पायात काटा रुतला होता, पण मी सांगितलं नाही.

लग्न होऊन गेलेल्या मुली पहिल्या बाळंतपणाला परत यायच्या. बालगृहात त्यांना ठेवायचा नियम नव्हता, म्हणून त्या आमच्या खोल्यांत राहायच्या. डिंकाचे लाडू, शेक, बाळाची टाळू भरणं, सगळं आजी नोकरी सांभाळून करायची. माझी झोपायची जागा स्वयंपाकघराच्या दाराशी सरकायची. मॅट्रिकचा अभ्यास मी दुसऱ्यांच्या बाळांच्या रडण्यात केला. खोटं कशाला बोलू, मला त्या सगळ्या मुलींचा राग यायचा. त्यांना माहेर मिळावं म्हणून माझं घर मोडत होतं, असं मला वाटायचं.

नर्सिंगला मला आजीनंच घातलं. इंग्लंडच्या नोकरीचा अर्जही तिच्याच आग्रहानं भरला. मी म्हटलं होतं, इथेच कुठेतरी लागते, तुझ्याजवळ राहते. ती म्हणाली, "माह्याजवळ राहिली तं माह्यासारख्या चाव्याच सांभाळशीन. तुले पाय हायेत तं जाय." मला त्यातलं ‘जाय’ तेवढं ऐकू आलं.

लीड्समध्ये मला म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात टाकलं. सुरुवातीचे महिने हॉस्टेलच्या खोलीत हीटरला पाठ लावून बसायचे आणि मराठीत मोठ्यानं बोलायचे, जीभ विसरू नये म्हणून. पुढे भुसावळकडचा एक इंजिनिअर भेटला, अरविंद. आम्ही लग्न केलं, लाल विटांच्या ओळीतलं एक अरुंद घर घेतलं, मुलगी झाली. शिफ्ट, लाँड्री, नर्सरी, कोळशाच्या धुरानं काळवंडलेल्या भिंती. शनिवारी बाजारात एका पंजाबी दुकानात तुरीची डाळ मिळायची, ती आणायला दोन बस बदलून जायचे. भाकरीचं पीठ काही मिळालं नाही.

आजीची पत्रं यायची, निळ्या एअरोग्रामवर, काठोकाठ लिहिलेली. शाळेतल्या पोरीसारखं अक्षर, प्रत्येक शब्दावर वेगळी रेघ. आणि मजकूर सगळा मुलींचा. अमकीला मुलगा झाला. तमकीचा नवरा दारू सोडून कामाला लागला. शेवंता सापडली, आता शाळेत जाते. शेवंता सातवी पास झाली. शेवंताला शिवण येऊ लागलं. माझ्यासाठी शेवटी एक ओळ असायची, ‘तब्येतीस जपजो’.

एकदा रागात लिहून टाकलं, की तुझ्या पत्रात मी असतेच कुठे? महिन्यानं उत्तर आलं. ‘ज्याची काळजी त्याच्याबद्दल लिहितो. तुही मले काळजी नाही. तू धडाची निघाली.’ आज वाचते तेव्हा तिचा अभिमान दिसतो. तेव्हा मी ‘काळजी नाही’ या दोन शब्दांवर अडले आणि चार महिने पत्र लिहिलं नाही.

पुढच्या वर्षी ती रिटायर झाली. क्वार्टर सोडावं लागणार होतं. तिनं एवढंच लिहिलं, की जवळच एक खोली भाड्यानं बघितली आहे, बालगृहाचं फाटक तिथून दिसतं. तिनं काही मागितलं नव्हतं. मी लिहिलं, पुढच्या वर्षी नक्की येते. पुढच्या वर्षी मी गरोदर होते. त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी लहान होती. मग अरविंदची नोकरी बदलली. तुम्ही गेलेली माणसं असाल तर हे ‘पुढचं वर्ष’ तुम्हाला ठाऊक असेल. ते दरवर्षी येतं आणि दरवर्षी पुढेच असतं.

एक्क्याऐंशीच्या सुमाराला तिच्या पत्रावरचा पत्ता बदलला. नागपुरातल्याच नंदनवन वस्तीतलं घर होतं. ‘ओळखीच्याइकडे राहतो, सुखात हाय’, एवढंच. कोणाकडे ते तिनं लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. मग एकदा एकाच महिन्यात एकच पत्र दोनदा आलं, शब्दाला शब्द तेच. नंतरच्या एका पत्रात तिनं माझ्या आईची चौकशी केली, लीला कशी आहे, अशी.

मी म्हाताऱ्यांच्या वॉर्डात दहा वर्षं घालवलेली नर्स. एकच गोष्ट दोनदा सांगणारे, गेलेल्या माणसांची वाट बघणारे पेशंट माझ्या रोजच्या हाताखालचे. मला कळायला हवं होतं. कळलंही होतं. मी ती दोन्ही पत्रं घडी घालून कपाटात ठेवली आणि ड्यूटीवर गेले.

मग पंच्याऐंशीत एक पत्र आलं, वेगळ्या अक्षरात.

‘विमलताईंना शेवंताचा नमस्कार. बाईंना आता लिहिता येत नाही. दोनदा झटका येऊन गेला. त्या माझ्याकडे असतात. तुम्ही या.’

पुढच्या जानेवारीत मी एकटीच नागपूरला उतरले. रिक्षा नंदनवनात शिरली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. एका छोट्या घरापुढच्या अंगणात उन्हात खाट टाकलेली होती. खाटेवर आजी बसली होती, पांढऱ्या पातळात, पांढऱ्या बारीक केसांची, इतकी लहान झालेली की मी आधी दुसरीकडेच शोधत होते. घरातून शिवणयंत्राचा आवाज येत होता. शेवंताचा नवरा शिलाई करायचा. शेवंता स्वतः बाहेर आली, तेवीस-चोवीस वर्षांची, हात पिठाचे. आम्ही दोघींनी एकमेकींना त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं.

मी अंगावरचा कोट काढला, सुटकेस खाली ठेवली आणि खाटेपाशी वाकले. "आजी," मी म्हणाले.

आजीनं माझ्याकडे बघितलं. मग सुटकेसकडे. मग परत माझ्याकडे. तिनं सरकून खाटेवर जागा केली.

"बस," ती म्हणाली. "कोणी आणलं वं तुले?"

"मीच आले."

"एकटी?"

"हो."

"भेऊ नको. इथं कोणी मारत नाही." तिनं माझा हात हातात घेतला आणि उलटसुलट करून बघितला, तळवा, मनगट, नखं. "जेवली का?"

"नाही."

"मंग आधी जेव. नाव सांगावं वाटलं तं सांग. नाही वाटलं तं उद्या सांगजो. घाई नाही."

शेवंतानं पदर डोळ्याला लावला. मी समजले. बालगृहात नवी मुलगी आली की आजी तिला ऑफिसच्या खोलीत घ्यायची आणि दार लोटायची. आत काय बोलायची ते मी कधी ऐकलं नव्हतं.

"घरी कोणी हाय तुह्या?" आजीनं विचारलं.

मला वॉर्डातलं शिक्षण होतं. अशा वेळी पेशंटला दुरुस्त करू नये, हळूच विषय बदलावा. पण माझ्या तोंडून खरं उत्तर निघालं. "आजी आहे."

"मंग तिनं तुले काहून सोडलं?"

"तिनं नाही सोडलं. मीच गेले."

ती बराच वेळ माझा हात चोळत राहिली. "पोट्ट्या जातात," ती म्हणाली. "तिले पत्र टाकू आपण. ती वाट पाहत असन."

मी जेवले. आजीनं समोर बसून मला जेवायला लावलं, वरण दोनदा वाढायला सांगितलं. "लांबून आली हाय ही," ती शेवंताला म्हणाली. "हिले रागावू नको."

मी सहा आठवडे राहिले. तिला आंघोळ घातली, नखं कापली, केस विंचरले, जी कामं मी परक्या देशात परक्या माणसांची केली होती ती सगळी. एखाद्या दिवशी ती मला ओळखेल म्हणून मी रोज सकाळी तिच्यासमोर जाऊन उभी राहायचे. ती रोज नव्यानं विचारायची, जेवली का. तिनं मला एकदाही विमल म्हणून हाक मारली नाही. बुद्धाच्या तसबिरीसमोर हात जोडून ती त्रिशरण, पंचशील मात्र एक शब्द न चुकता म्हणायची.

शेवंताशी मी आठवडाभर कामापुरतंच बोलत होते. तिनं आजीला कसं ठेवलं होतं ते दिसत होतं, आणि जेवढं चांगलं दिसत होतं तेवढं मला ते टोचत होतं. ती बालवाडीत शिकवायची, दुपारी परतली की आधी आजीच्या खाटेशी जायची. तिच्या नवऱ्याकडून मला कळलं, की लग्न ठरताना शेवंतानं एकच अट घातली होती, बाई माझ्यासोबत येतील. "म्या म्हटलं, लोकं हुंड्यात भांडे आणतात, आपल्याले बाई भेटल्या," तो हसत म्हणाला आणि पुन्हा मशीनवर वाकला.

एका दुपारी आजी झोपली होती, आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होतो. मी न राहवून विचारलं, "त्या दिवशी तू का पळालीस?"

ती हे विचारलं जाण्याची वाट पाहत असावी. "घाबरली होती ताई. मले वाटलं, इथूनबी कोठं तरी विकतीन. गाडीत बसून कोठंबी जायचं म्हणून अजनीच्या यार्डात गेली. मालगाडीचे रिकामे डबे उभे होते, एकाच्या खाली जाऊन बसली. दुपारी बाईनं मले शोधलं. बाईले वाकून आत येता येत नव्हतं. त्या गिट्टीवरच बसल्या, उन्हात. काही ओढलं नाही, रागावलं नाही. म्हणाल्या, तुले वाटन तवा ये, मी हाय इथं. मी म्हटलं, तुम्ही उठल्या का मी पळतो. तं त्या उठल्याच नाही."

"किती वेळ?"

"लई वेळ. मंग बाजूच्या रुळावरून एक पॅसेंजर गाडी गेली, मुंबईकडची. बाई एकदम अर्ध्या उठल्या. माह्याकडं पाहिलं आणि परत खाली बसल्या. बसल्या बसल्याच त्यायनं हात वर केला. मले वाटलं, कोणाले थांबवून राहिल्या. गाडी निघून गेल्यावर पाहतो तं बाई रडून राहिल्या. तोंड झाकलं नाही, काही नाही, अशाच." शेवंताच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मी डब्याखालूनच विचारलं, काहून रडता? त्या म्हणाल्या, माही नात गेली वं. एकच हाय मले. ते ऐकून मी बाहेर आली. मले वाटलं, ज्या बाईले रडता येते ते आपल्याले काय विकन?"

अजनी म्हणजे नागपूर सुटल्यावर लगेच लागणारं स्टेशन. त्या गाडीत मी खिडकीकडे पाठ करून बसले होते. आजी माझ्यापासून दोन रुळांच्या अंतरावर होती. मी नुसती मान वळवली असती तर मला तिचा हात दिसला असता.

आणि दहा वर्षांत तिनं हे एका पत्रात लिहिलं नाही. कदाचित तिला वाटलं असेल, की न येण्याचं कारण सांगणं म्हणजे शेवंताला माझ्यासमोर उभं करणं. किंवा ते तिला पत्रात मावलं नसेल. विचारायला मी उशिरा आले.

परत निघायच्या दिवशी मी साडी नेसून, सुटकेस घेऊन अंगणात आले. आजी खाटेवर होती. "ही पोट्टी कोठं चालली?" तिनं शेवंताला विचारलं.

"तिच्या घरी, बाई."

आजीच्या कपाळाला आठी पडली. "घर पाहून आलं का कोणी?"

"मी पाहिलंय," मी म्हणाले. "चांगलं आहे. माणूस चांगला आहे."

"मारत नाही ना?"

"नाही."

"मंग जाय." तिनं माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "आणि नाही जमलं तं वापस येजो. लाज नको वाटू देऊ."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मला म्हणायचं होतं, आजी, मी विमल. लीलाची विमल. पण ती मला इतक्या मायेनं निरोप देत होती, की ती तो खरं कुणाला देते आहे ते सांगायचा धीर झाला नाही.

त्याच वर्षी भादव्यात ती गेली. तार आली तेव्हा मी वॉर्डात एका म्हातारीला चहा पाजत होते. मी तो कप संपेपर्यंत धरला. मला वेळेत पोचणं शक्यच नव्हतं. शेवंतानं पुढे लिहिलं, की बालगृहातून लग्न होऊन गेलेल्या बायका वर्धेहून, भंडाऱ्याहून, कुठून कुठून आल्या, लेकरांना कडेवर घेऊन, आणि बाईंना खांदा आम्ही पोरींनीच दिला. ‘तुमच्या नावानं मी शेवटचं पाणी पाजलं’, एवढं वाक्य तिनं शेवटी लिहिलं होतं. ते पत्र मी अजून अरविंदलाही दाखवलेलं नाही.

त्यानंतर लीड्समध्ये मला महिनोन्‌महिने वाटत राहिलं, की आता नागपूर संपलं. आई लहानपणीच गेली, वडील कधी माझे नव्हतेच, आजी गेली. क्वार्टर दुसऱ्या कुणाला मिळालं. कुणी ‘तुझं घर कुठे’ विचारलं तर मी नागपूर म्हणायचे, पण सांगताना आवाजात जोर नसायचा. आमच्यासारख्यांचं असंच होतं. आपण घर सोडतो तेव्हा ते घर नाहीसं होत नाही. त्यातलं शेवटचं माणूस जातं, तेव्हा कळतं की आपण खरंच बाहेर आलो.

दोन वर्षांनी शेवंताचं पत्र आलं, की मुलीला घेऊन या, शाळेला सुट्टी असेल तेव्हा. मी जाऊ की नको करत गेले. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची, तिला मराठी समजायचं पण बोलायला लाजायची. रिक्षा थांबली तेव्हा अंगणात खाट नव्हती. त्या जागेवर शेवंतानं मोगरा लावला होता, चांगला कमरेएवढा झाला होता. मी फाटकाशीच उभी राहिले. आत जायला माझं पाऊल उचलेना. मी कोण म्हणून जायचं, हेच कळेना.

शेजारच्या घरातली एक बाई ओसरीवर वाळवण राखत बसली होती. ती माझ्याकडे, माझ्या सामानाकडे, माझ्या मुलीच्या आखूड केसांकडे बघत होती. तेवढ्यात शेवंता दारात आली. त्या बाईनं तिलाच विचारलं, "कोण आली वं, शेवंता?"

शेवंतानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालता चालताच, मागे न बघता सांगितलं,

"माही मोठी बहीण हाय. लई लांब देली हाय तिले, म्हणून येणं होत नाही."

ती बाई "अस्सं" म्हणाली आणि वाळवण हलवू लागली. मी मुलीचा हात धरला, उंबऱ्याशी चपला काढल्या आणि आत गेले.